लिफ्ट न करता व्ही-क्रॉसला एटी टायर: १८ इंचीच ठेवू की १७ वर येऊ?

लालमाती (धागाकर्ता)

मंडळी, गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस झेड प्रेस्टीज, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. कंपनीचे हायवे टायर २५५/६० आर१८ आता गुळगुळीत व्हायला आलेत आणि मिरगाच्या आत बदलून एटी (ऑल-टेरेन, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टायर घालायचेत. वापर असा: आठवडाभर कोल्हापूर ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, सुट्टीला गारगोटीच्या पुढं शेतावर. तिथला शेवटचा टप्पा तांबड्या मातीचा, पावसात नुसता राडा. अधूनमधून गगनबावड्यातून खाली कोकणात. मागचा हौदा कधी रिकामा, कधी खताच्या पोत्यांनी भरलेला.

लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडी उंच) करायची नाही. आईला आत्ताच पायरीवरून चढताना हात द्यावा लागतो, आणि सस्पेन्शनला हात लावून वॉरंटीची भानगड नको.

दोन दुकानांत विचारलं. एक म्हणाला, "२६५/६० आर१८ घाला डोळे झाकून." दुसऱ्यानं १७ इंची काळी अलॉय दाखवली, ८ इंच रुंद, ऑफसेट शून्य, आणि त्यावर २६५/७० आर१७. "गाडी नुसती उभी केली तरी लोक वळून बघतील," म्हणाला. दिसतंय भारीच, नाही म्हणत नाही. पण लिफ्ट नसताना बसेल का? कुठं घासेल? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

गूळमिरची

भावा, घाल की! २६५/७० म्हणजे नाद खुळा. घासलं तर मडफ्लॅप काढून टाकायचा, हाय काय आन् नाय काय.

सह्यवाट

गूळमिरची, मडफ्लॅप काढून मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर खडी मारणार होय? असो.

लालमाती, आधी आकडे बघू. (नवीन लोकांसाठी: मापातला पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा साईडवॉलची म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि आर पुढचा रिमचा व्यास इंचांत.) २५५/६० आर१८ चा व्यास येतो साधारण ७६३ मिमी. २६५/६० आर१८ चा ७७५, म्हणजे दीड टक्का मोठा. २६५/७० आर१७ चा ८०३, म्हणजे सव्वापाच टक्के. गाडी वर उचलली जाते ती व्यासातल्या फरकाच्या निम्मी, म्हणजे जेमतेम २ सेंटिमीटर. पण तेवढाच टायर वर, पुढे आणि मागेही वाढतो, आणि घासायला सुरुवात तिथून होते.

माझा ठोकताळा: लिफ्ट नसेल तर मूळ व्यासाच्या ३ टक्क्यांत राहायचं. त्यापुढं गेलास की तीन गोष्टी एकदम बदलतात. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ ने पळत असेल (कंपनीचा काटा मुळात थोडं जास्तच दाखवतो, म्हणून प्रत्यक्षात फरक जरा कमी). चाकावर पोचणारी ओढ तेवढीच घटते. १.९ लिटरचं इंजिन ३६० एनएम देतं हे खरं, पण भरल्या हौद्यानं घाट चढताना गिअरबॉक्स सारखा खाली-वर करायला लागला की पाच टक्के कुठं गेले ते कळतं. आणि ब्रेकला मोठं, जड चाक थांबवावं लागतं.

तरी २६५/७० आर१७ बसतच नाही असं नाही. कंपनीच्या आसपासच्या ऑफसेटची रिम असेल तर ते व्ही-क्रॉसमध्ये बहुतेक वेळा बसतं, फुल कटला (स्टेअरिंग पूर्ण फिरवल्यावर) आतल्या प्लॅस्टिकला किंवा मडफ्लॅपला किंचित लागतं. घोळ त्या शून्य ऑफसेटचा आहे. तुझी मूळ रिम कितीची आहे? चाक काढून मागच्या बाजूला बघ, ओतीव अक्षरात लिहिलेलं असतं.

लालमाती

सह्यवाटदादा, काल संध्याकाळी चाक उतरवलं. चिखल खरवडल्यावर दिसलं: १८ x ७ जे, आणि बाजूला ३३.

सह्यवाट

मग हिशोब सोपा. ऑफसेट ३३ म्हणजे हबला टेकणारी सपाटी रिमच्या मध्यापासून ३३ मिमी बाहेरच्या बाजूला. ७ इंच रुंदीची निम्मी ८८.९ मिमी. त्यातून ३३ वजा केले की हबपासून रिमची बाहेरची कड ५५.९ वर आणि आतली १२१.९ वर.

आता दुकानदाराची ८ इंची, शून्य ऑफसेटची रिम. दोन्हीकडं १०१.६. म्हणजे बाहेरची कड ४५.७ मिमी पुढं सरकली! साडेचार सेंटिमीटर चाक मडगार्डच्या बाहेर. सरळ जाताना नुसतं दिसेल. स्टेअरिंग फिरवलंस की चाक जास्त मोठ्या वर्तुळात फिरणार, पुढं बंपरच्या मागच्या कोपऱ्याला आणि मागं व्हील आर्चच्या खालच्या टोकाला गाठणार. वर आणखी बेअरिंगवरचा ताण, खड्ड्यात स्टेअरिंगला बसणारा हिसका, आणि दरवाज्यांवर हौद्यापर्यंत उडणारा लाल चिखल.

लोक "हे माप बसतं, ते बसत नाही" अशी टायरची चर्चा करतात आणि ऑफसेट सांगतच नाहीत. तोच टायर ३० ऑफसेटवर गपगुमान फिरेल आणि शून्यावर पहिल्याच यू-टर्नला ओरडेल.

दुसरं, पहिल्या दुकानदाराचं "डोळे झाकून". टायर कंपन्यांच्या तक्त्यात २६५/६० आर१८ ला रिमची किमान रुंदी साडेसात इंच असते. तुझी सात. २५५/६० आर१८ ला मात्र सात चालते. म्हणजे तुझ्या मूळ अलॉयवर २६५ चढेल, हवा धरेल, दिसेलही बरं. पण टायर चिमटल्यासारखा बसेल, मधला भाग आधी झिजेल आणि वळणात गाडी थोडी डोलेल. भरपूर लोक वापरतात, मी नाही वापरणार.

रंकाळाकाठ

माझी टोयोटा हायलक्स आहे. वरच्या व्हेरियंटला कंपनीच २६५/६० आर१८ देते आणि खालच्याला २६५/६५ आर१७. दोन्हींचा व्यास एका मिलिमीटरच्या फरकानं सारखा. मी दोन्ही वापरलेत, कारण नवी असताना १८ वर होती आणि नंतर एकाच्या काढून ठेवलेल्या १७ च्या रिम मिळाल्या. शहरात काहीच फरक कळत नाही. पण दाजीपूरकडच्या दगडी रस्त्यावर १७ वर गाडी सरळ शांत होते. रबर जास्त असतं ना मध्ये.

लालमाती, फॉर्च्युनर घेणारे पहिल्याच महिन्यात मोठी अलॉय टाकतात आणि मूळ १७ ची चाकं दुकानात पडून असतात. सहा नटांची, पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ मिमी, इसुझूचीही तीच. त्या बघ की. नवीन काळ्या अलॉयच्या निम्म्यातही काम होतं कधी कधी.

उद्यमनगरी

रंकाळाकाठताई बरोबर, पण एक खुट्टी हाय त्यात. नट सहा, पीसीडी सारखा, तरी मधलं भोक वेगळं. टोयोटाचा बोअर १०६.१, इसुझूचा हब १००.१. रिम चढते, पण मध्यावर बसत नाही. नुसत्या नटांच्या भरवशावर लटकते. मग ८०-९० ला स्टेअरिंग थरथरतं आणि गिऱ्हाईक बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालतंय. बॅलन्सिंगवाल्याच्या मशिनवर चाक कोनावर बरोबर मध्यात बसतंय, त्याला कायच दिसत नाही.

उपाय सोपा. हब रिंग. बाहेरून १०६.१, आतून १००.१, भिंत तीन मिमीची. प्लॅस्टिकच्या तयार मिळतात, पण घाटात ब्रेक तापल्यावर त्याचं काय खरं नाही. ॲल्युमिनियमच्या टर्न करून घ्या. उद्यमनगरात कुठल्याबी लेथवाल्याकडं जावा, पण येताना रिम आणि गाडी दोन्ही आणा. नेटवरचा आकडा सांगून काम करून घेऊ नका, व्हर्नियरनं हब स्वतः मोजायला लावा. आम्ही आतल्या बाजूला थोडा चॅम्फर (तिरकी कड) मारतो, नाहीतर हबच्या मुळातल्या गोलाईवर रिंग अडते आणि रिम सपाट टेकत नाही. बसवताना हबवरचा गंज ब्रशनं काढायचा, बोटानं ग्रीस फिरवायचं पातळ.

आणि नट! रिमवर नटाची बैठक शंकूसारखी हाय का सपाट वॉशरची, ते बघा. शंकूचा नट सपाट बैठकीवर आवळला तर आवळल्यासारखा वाटतो, पण धरत नाही. ह्यात चालढकल नको.

लालमाती

हे कुठल्याच दुकानात कुणी बोललं नव्हतं. उद्यमनगरी, व्यनि (खासगी निरोप) केलाय.

सह्यवाटदादा, फॉर्च्युनरची १७ ची रिम साडेसात इंची आणि ऑफसेट ३० दिसतोय. तुमच्याच पद्धतीनं गणित केलं: बाहेर ९ मिमी, आत ३ मिमी. बरोबर का?

सह्यवाट

बरोबर. आणि त्यावर २६५/६५ आर१७ घेतलंस तर व्यास ७७६, मूळच्यापेक्षा पावणेदोन टक्के जास्त. साईडवॉल १५३ वरून १७२ मिमी. रिम तक्त्याप्रमाणे रुंद, बाहेर एक सेंटिमीटरही नाही. अगदी मूळ व्यासच हवा असेल तर २५५/६५ आर१७ बरोबर ७६३ येतो, पण त्या मापात एटी शोधत बसावं लागेल. २६५/६५ आर१७ हे फॉर्च्युनरचंच माप, त्यामुळं दुकानात पर्याय मिळतात.

शिरोळकर

राम राम. मी इसुझू हाय-लँडरवाला, ऊस आणि सोयाबीन. तुमचं गारगोटीचं तांबडं रान आणि आमची काळी माती ह्यात जमीन-अस्मानाचा फरक. तांबड्यात एटी मस्त चालतंय, खाली मुरूम-दगड लागतो. आमच्याकडं पहिल्या चार फेऱ्यांत खाचा भरत्यात आणि एटी काय, हायवे काय, चारी चाकं सारखीच गुळगुळीत. काळ्या रानात रुंद टायर म्हणजे वर तरंगत घसरायचा परवाना. अरुंद टायर खाली कापत जाऊन टणक थराला लागतोय. म्हणून म्हणतो, २६५ च्या मागं लागायच्या आधी स्वतःची माती बघा.

आणि एक गोष्ट शहरातल्यांना म्हाईत नसते. ऊस तुटून गेलेल्या रानात गाडी घालू नका. कोयत्यानं तिरकी छाटलेली धसकटं वाळली की खिळ्यासारखी होत्यात. तळात घुसलं तर पंक्चर निघतंय, साईडवॉलमध्ये घुसलं तर टायर भंगारात. एकदा बांधावरून वळवताना नवा कोरा टायर गेलाय माझा. आत बोट जाईल एवढं भोक, पंक्चरवाल्यानं नुसतं बघितलं आणि मान हलवली.

जुनाखोड

मग एलटी टायर घ्यावेत का? तीन पदरी साईडवॉलचे?

सह्यवाट

शिरोळकरांसारखं रोज रानात जायचं असेल तर विचार करावा. पण एलटी म्हणजे हलक्या व्यापारी ट्रकचा टायर. जड असतो, कडक असतो, आणि तेवढंच वजन पेलायला त्याला जास्त हवा लागते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा एलटीला तसाच लावला तर टायर कमी हवेवर पळतो आणि तापतो. वर रिकाम्या पिकअपचा मागचा भाग मुळात हलका, पाटे कडक, त्यात हे. मागं बसलेल्यांचे मणके तुमचं नाव काढतील.

लालमातीला साध्या एटीत जास्त लोड इंडेक्सचा टायर पुरे. स्टिकरवर मापापुढं जो अंक आहे त्यापेक्षा कमी घ्यायचा नाही. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, ११२ म्हणजे ११२०, ११६ म्हणजे १२५०. माप मोठं घेतलं म्हणून वजन पेलायची ताकद वाढते असं नाही. मोठ्या मापात कमी इंडेक्स सर्रास मिळतो. युरियाची पोती ४५ किलोची, वीस टाकली की ९०० किलो. बहुतेक सगळं मागच्या दोन टायरवर.

बावडेघाट

धाग्यात सगळे चिखलाबद्दल बोलताहेत, मी ओल्या डांबराबद्दल बोलतो. माझं जाणं-येणं करूळ आणि भुईबावडा घाटातून. जुलैत तिथं धुकं असं असतं की स्वतःचं बॉनेट दिसत नाही, आणि रस्त्यावरून पाणी आडवं वाहतं. एटीचे मोठे ठोकळे असलेले टायर ओल्या गुळगुळीत डांबरावर हायवे टायरइतके धरत नाहीत. ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. ज्यांच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा भरपूर आहेत ते बरे. दुकानात टायर हातात घ्या, ठोकळ्यावर अंगठा फिरवा, चिरा किती खोल आहेत ते बघा. वरवरच्या असतील तर निम्म्या झिजेवर त्या गायब होतात आणि पुढच्या पावसाळ्यात नुसते ठोकळे उरतात.

साईडवॉलवर डोंगर आणि बर्फाच्या चांदणीचं चिन्ह दाखवून कुणी जास्त पैसे मागितले तर हसून पुढं जा. गगनबावड्यात पाऊस पडतो, बर्फ नाही.

लालमाती, वापराचे किती टक्के कच्च्या रस्त्यावर? मला तर तुझा ऐंशी टक्के वापर डांबराचा वाटतो. मूळ मापातच चांगला एटी किंवा अगदी हायवे टायर घेतला तरी काय बिघडतं?

लालमाती

बावडेघाट, मुद्दा मान्य. पण त्या उरलेल्या वीस टक्क्यांतच मी अडकतो ना! डांबरावर कुणाला ट्रॅक्टर बोलवावा लागलाय का? मागच्या पावसात शेजारच्या काकांनी दोरी बांधून ओढताना "एवढी मोठी गाडी घेऊन काय उपयोग रे पोरा" म्हणून जे ऐकवलंय ते मी विसरलेलो नाही.

रंकाळाकाठ

काकांचा मुद्दा बिनतोड आहे.

कलमबहाद्दर

कायद्याचं कुणीच बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. कलम १८२अ खाली मालकाला बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एमएच-०९ च्या रस्त्यावर कुणी टायरचं माप वाचत बसत नाही हे मलाही ठाऊक आहे, पण मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक लांबून दिसतं. अपघात झाला तर विमा सर्व्हेअर ते आधी बघतो. सगळ्यात बिनघोर म्हणजे कंपनीनं तुमच्या व्हेरियंटला दिलेलं माप.

सह्यवाट

कलमबहाद्दर, +१. म्हणूनच २५५/६० आर१८ मध्ये मनासारखा एटी मिळाला तर तो पहिला पर्याय. बाकी सगळी खटपट त्यानंतर. ज्याला कागदावर एक रेघही वेगळी नको त्यानं तिथंच थांबावं.

लालमाती

मंडळी, अपडेट.

आधी २५५/६० आर१८ शोधला. कोल्हापुरात दोन पर्याय मिळाले. त्यातल्या एकाचा तारखेचा आकडा इतका जुना की दुकानदारानंच नजर चुकवली. (नवीन लोकांसाठी: साईडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. जून २०२० पासून टायरची आयात निर्बंधित आहे, त्यामुळं बाहेरच्या टायरचा जुना माल दुकानात निघू शकतो. आयएसआय चिन्हही बघा.) दुसऱ्याला यायला वेळ लागणार होता आणि पाऊस माझ्यासाठी थांबणार नव्हता.

शेवटी फॉर्च्युनरच्या १७ च्या मूळ रिम, पाच. कलमबहाद्दर, तुमचं वाचूनच घेतलंय. मूळ १८ ची चाकं विकली नाहीत, माळ्यावर आहेत. उद्यमनगरीनं समोर उभं राहून रिंगा टर्न करून दिल्या. रिंग हबवर बसताना हातानं दाबल्यावर "टच्" असा आवाज झाला आणि परत निघेना, तेव्हा तो म्हणाला, "आता झालं." नट रिमच्या बैठकीप्रमाणे वेगळे घेतले. टायर २६५/६५ आर१७, साधा एटी, इंडेक्स स्टिकरपेक्षा वरचा.

पैसे देण्याआधी एकच चाक बसवून बघितलं. पुढचं डावं चाक दुकानासमोरच्या उंचवट्यावर चढवलं, म्हणजे सस्पेन्शन दाबलं गेलं, आणि दोन्हीकडं फुल कट मारला. मित्र टॉर्च घेऊन खाली वाकलेला. आतल्या प्लॅस्टिकपाशी बोट आडवं जाईल एवढी जागा राहिली, कुठं लागलं नाही. रिव्हर्समध्येही फुल कट मारून बघा, तेव्हा टायर दुसऱ्या बाजूनं ओढला जातो.

आवाज ७० च्या पुढं थोडा वाढलाय. मायलेज किंचित खाली, पण काटा आता कमी किलोमीटर मोजतो, म्हणून त्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. शेतावरच्या गाळात हवा २० पीएसआयपर्यंत उतरवून गेलो, परत डांबरावर आल्यावर पंपानं भरली. काका बांधावर उभे होते, दोरी घेऊन. तशीच घेऊन परत गेले.

उद्यमनगरी

नट शंभरेक किलोमीटरनंतर परत टॉर्क पान्यानं आवळा. विसरू नका.

बावडेघाट

आणि पाचवी रिम घेतली हे उत्तम केलं. बरेच जण स्टेपनी जुन्या मापाची ठेवतात. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांचे व्यास वेगळे असले आणि ४एच (चारी चाकांना ओढ देणारा मोड) लावलं की ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. चिखलात चाक घसरून तो सुटतो, टणक रस्त्यावर सुटायला जागाच नसते.

जुनाखोड

वाखू (वाचनखूण) साठवली. माझीही हाय-लँडर आहे, लोखंडी डिस्क, २४५/७० आर१६. रिम बदलायच्या नाहीत. काय बसेल?

सह्यवाट

तुझा मूळ व्यास ७४९. २५५/७० आर१६ घेतलास तर ७६३, दोन टक्क्यांच्या आत. २४५/७५ आर१६ म्हणजे ७७४, सव्वातीन टक्के. माझ्या ठोकताळ्याच्या जरा वर, पण रुंदी तीच राहते आणि कंपनीच्या डिस्कवर बाहेर काही येत नाही, म्हणून चालवून घेतो. थारच्या काही व्हेरियंटला हेच माप येतं, त्यामुळं एटीत सहज मिळतं. २६५/७० आर१६ साठी डिस्क किमान ७ इंची लागते, मागं कोरलेलं वाच आणि कमी असेल तर नाव काढू नको. काळ्या मातीत जायचं असेल तर २४५/७५, शिरोळकर सांगतीलच.

शिरोळकर

तेच घातलंय मी. घ्या बिनधास्त. फक्त बिल घेताना व्हॉल्व्ह नवीन टाकलेत का ते बघा, जुनेच परत लावत्यात आणि महिन्यानं हवा जायला लागते.